एआयएक्सवर ओपन सोर्स पॅकेजेस टाकायचीत? लिबपाथला हात लावू नका

शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा ईआरपी, म्हणजे सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर, आयबीएमच्या पॉवर सर्व्हरवर चालतो, वर आयबीएमचीच एआयएक्स ७.२ ही युनिक्स सिस्टिम, आणि तिथं नवीन पोरगं लागलं की पहिला प्रश्न ठरलेला, सर याच्यावर गिट नाही, बॅश नाही, काम कसं करायचं? दरवेळी फोनवर सांगून घसा बसतो म्हणून एकदाच लिहितोय, कमांड पण फोनवर सांगतो तशाच.

नेटवरनं कुठलंतरी लिनक्सचं आरपीएम, म्हणजे पॅकेजची फाईल, उचलून आणायचं नाही भावा, ते इथं चालतच नाही. आयबीएमचा स्वतःचा एआयएक्स टूलबॉक्स आहे, फुकट आहे, त्यातला माल ऑप्ट फ्रीवेअर या फोल्डरखाली जाऊन बसतो. तो आणायला डीएनएफ ही पॅकेज बसवणारी कमांड वापरा. जुन्या ब्लॉगवर त्याच कामाचं यम सापडेल, पण ते पायथन २ वर होतं आणि पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० लाच संपला.

सुरुवातीला ओएसलेव्हल मायनस एस मारून लेव्हल बघा, डीएफ मायनस जी मारून ऑप्टमध्ये जागा बघा. मी दोन-तीन जीबी मोकळी ठेवतो, कमी असली तर सीएचएफएसनं चालू सिस्टिमवर वाढवता येते. मग टूलबॉक्सच्या साईटवरची डीएनएफची स्क्रिप्ट रूटनं चालवा.

आता इथं बरेच जण अडकतात. या मशीनवर पॅकेजच्या वह्या दोन असतात. एआयएक्सचे फाईलसेट इन्स्टॉलपीच्या वहीत, ते एलएसएलपीपीनं दिसतात, आणि टूलबॉक्सचं सगळं आरपीएमच्या वहीत. ओपनएसएसएल येतं एआयएक्सच्या बाजूनं, म्हणजे पहिल्या वहीत, आणि आरपीएमला त्याचा पत्ताच नसतो, म्हणून लायब्ररी डोळ्यासमोर असून पण ते डिपेंडन्सी, म्हणजे लागणारं दुसरं पॅकेज, नाही म्हणून बोंबलतं. अशा वेळी अपडीटीव्हीपीकेजी ही कमांड मारायची, ती पहिल्या वहीतलं दुसरीत कळवते. लोक ते सोडून नोडेप्स लावून, म्हणजे डिपेंडन्सी न तपासताच, रेटतात आणि मग रात्री मला फोन.

आणि लिबपाथ, म्हणजे प्रोग्रॅमनी लायब्ररी कुठं शोधायची ते सांगणारं व्हेरिएबल. एका ठिकाणी कुणीतरी शहाण्यानं ईटीसी एन्व्हायर्नमेंट या फाईलमध्ये लिबपाथला ऑप्ट फ्रीवेअर लिब लावून ठेवलं, दुसऱ्या दिवशी साध्या साध्या कमांड मरायला लागल्या, एरर काय तर लिबआयकॉनव्ही या लायब्ररीमध्ये एसएचआर४ डॉट ओ सापडत नाही. कारण सरळ आहे, एआयएक्सची लिबआयकॉनव्ही वेगळी आणि टूलबॉक्समधली ग्नूची, म्हणजे ओपन सोर्सवाली, वेगळी, नाव मात्र एकच, आणि लिबपाथ लावला की एआयएक्सच्या कमांडच्या गळ्यात ग्नूची पडते. टूलबॉक्सच्या प्रोग्रॅमना लिबपाथ लागतच नाही, त्यांच्या पोटातच पाथ लिहिलेला असतो, डम्प मायनस एच मारून बघा. असं झालंच तर उघडं सेशन बंद करू नका, त्यातच अनसेट लिबपाथ मारा, मग फाईल दुरुस्त करा. कमांड शोधायच्या पाथ व्हेरिएबलमध्ये पण ऑप्ट फ्रीवेअर बिन शेवटीच, नाहीतर जुन्या स्क्रिप्टमधल्या डीएफ मायनस जीला ग्नूचं डीएफ उत्तर देतं, म्हणजे देतच नाही, त्याला मायनस जी कळत नाही.

सर्व्हरला इंटरनेट नसेल, बहुतेक ठिकाणी नसतंच, तर बाहेरच्या मशीनवर आरपीएम उतरवून क्रिएटरेपोनं इंडेक्स बनवायचा, ते फोल्डर आत आणायचं आणि डीएनएफच्या कॉन्फिगमध्ये बेसयूआरएल तिकडं वळवायचं. एकेक आरपीएम पेनड्राईव्हवर नेत बसलात तर डिपेंडन्सीच्या मागं दिवस जातो, मी घालवलाय.

अपडेट आमच्याकडं सोमवारी, त्या दिवशी कारखाना बंद. आधी आरपीएम मायनस क्यूएची यादी फाईलमध्ये, मग ऑल्ट डिस्क कॉपीनं रूटव्हीजीची, म्हणजे सिस्टिम जिच्यात असते त्या डिस्क-गटाची, दुसऱ्या डिस्कवर नक्कल. ऑप्ट रूटव्हीजीतच असल्यामुळं टूलबॉक्सपण त्यात येतो, बिघडलं तर बूटलिस्ट बदलून नकलेवरनं मशीन उठवायचं, चहा थंड व्हायच्या आत नाही पण जेवणाच्या सुट्टीआधी नक्की.

ओरॅकलच्या सोलारिस ११ या युनिक्सवाल्यांचं सुख वेगळं, तिथं पीकेजी इन्स्टॉलला मायनस एनव्ही लावलं की काय काय बदलणार ते आधीच दिसतं, आणि बीईएडीएमनं नवीन बूट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे सिस्टिमची बूट होणारी नक्कल, काढून ठेवायला मिनिटभर पण लागत नाही.