जुनं बाकडं नवं करायला घेताना

गेल्या वर्षी चवथीआधी आजीचं फणसाचं बाकडं रंगवलं. शेवाळी हिरवा रंग, वर कुणबी कापडाची लाल चौकड्यांची गादी, सोप्यात भिंतीला टेकवून ठेवलं. आरतीला आलेल्या निम्म्या बायकांनी विचारलं, ‘कुठून घेतलंस गं?’ मी हवेत. दिवाळीच्या साफसफाईत बाकड्याखाली पिठाची बारीक ओळ दिसली, मैद्यासारखी मऊ. पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी तीच ओळ, त्याच जागी. बाकडं उलटं केलं, तर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं, माझ्या शेवाळी रंगातून आरपार. यंदा मामीकडचं फडताळ करायचं आहे, म्हणून आधी यादी लिहून काढतेय.

पहिलं काम, भोकं शोधायची. रंग कुठला, हँडल कुठलं, मोबाइलवर पाहिलेला फोटो कुठला, हे सगळं नंतर. वस्तू अंगणात आणा, उलटी करा, खण बाहेर काढा आणि मागची फळी, पायांचे तळ, सांधे टॉर्च लावून बघा. कीड आवडीने खाते ती लाकडाच्या कडेचा पांढरट भाग. सागाचा किंवा फणसाचा आतला गाभा ती सहसा सोडते. म्हणून ‘आमचं सागवान आहे, त्याला काय होतंय’ असं म्हणू नका. जुन्या सुतारांनी न दिसणाऱ्या जागी पांढरी फळी बिनधास्त वापरलेली असते. शिवाय भोक म्हणजे किडा बाहेर पडून गेल्याची खूण. त्याची भावंडं आत असू शकतात, आणि ती महिनोन्महिने आतच पोखरत बसतात. भोकांभोवती पेन्सिलीने गोल करा, खाली काळा कागद पसरा आणि महिनाभर वस्तूला हात लावू नका. कागदावर पीठ पडलं किंवा गोलाबाहेर नवीन भोक दिसलं, की कीड जिवंत आहे. काहीच पडलं नाही तरी औषध करायचंच. मला कोणी हे सांगितलं नव्हतं. खरं तर मेस्त, म्हणजे आमचा सुतार, म्हणाला होता, ‘बाय, जरा बघून घे.’ मी घाईत होते.

दुसरं, वेळ. चवथीआधी घर नटवायचं असतं हे कळतं, पण जून ते सप्टेंबर आपल्याकडे गोव्यात लाकूड वाळत नाही. लाखेचं पॉलिश तर दमट हवेत दुधाळ पडतं, कारण स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतला ओलावा त्या थरात अडकतो. नोव्हेंबर ते मे या दिवसांत करा. चवथीला जुनंच राहू दे, गणपती रागावत नाही.

जुना रंग काढताना एक सावधगिरी. घरच्या रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएमवर (दहा लाख भागांत 90) आणणारा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती शिसं आहे ते डोळ्यांना दिसत नाही. आजोबांच्या काळातला ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका. पाणी मारून वॉटर पेपरने घासा, चांगला मास्क लावा, मुलांना आत पाठवा, गाळ कागदात गुंडाळून टाका. रुमाल बांधला म्हणजे मास्क झाला, असं नाही.

आता औषध, आणि इथे क्रम चुकवू नका. बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिड गरम पाण्यात विरघळवून लावतात, पण ते उघड्या लाकडातच मुरतं. रंगावर किंवा पॉलिशवर लावलं तर ओघळून जमिनीवर येतं. म्हणजे रंग काढल्यावर आणि प्रायमरच्या आधी. हातमोजे घाला. ब्रशने दोन-तीन हात द्या, फळीची कापलेली टोकं भरपूर भिजवा, भोकांत सिरिंजने सोडा. मग सावलीत पूर्ण वाळू द्या. आठवडा लागला तरी चालेल. भोकं लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवायची ती यानंतर. मी आधी लांबी भरली होती, छान गुळगुळीत, वर प्रायमर आणि दोन हात रंग. आतला किडा लांबीच्या शेजारून नवीन भोक पाडून बाहेर आला. रंग त्याला अडवत नाही! फळी हाताने चुरडते इतकी पोखरली असेल तर औषधावर पैसे घालू नका, सरळ बदलून घ्या.

खर्च कमी ठेवायचा तर मूळ फळ्या शाबूत ठेवा आणि दिसणाऱ्या दोन गोष्टींवरच पैसे घाला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फिरलात तर काही ना काही हाती लागतं. फडताळाच्या दारावर मी कावीच्या धर्तीची नक्षी उमटवणार आहे, आपल्या देवळांच्या भिंतींवर पांढऱ्या चुन्यात तांबडी असते तशी. त्याला जाड कागदाचा साचा आणि गेरूच्या छटेचा एक छोटा डबा पुरतो. आरामखुर्चीचा वेत तुटला असेल तर विणणाऱ्याकडेच द्या. व्हिडिओ बघून घरी विणायला जाल तर बोटं कापतील. शिंपल्यांच्या तावदानांची जुनी खिडकी माळ्यावर असेल तर तिला रंग लावाल तर खबरदार. नुसती पुसा, मागे दिवा लावा.

घासणं 80, मग 120, शेवटी 220 नंबरच्या पॉलिश पेपरने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने. धूळ पुसा. प्रायमर. रंग पातळ, दोन हात, मध्ये वाळू द्या. वर मॅट पॉलिश. पायांना रबर.

भिंतीला चिकटवून ठेवू नका, चार बोटं जागा सोडा, मागून बघता आलं पाहिजे. आणि दोन महिन्यांनी खाली काळा कागद घाला. माझा अजून बाकड्याखाली आहे. परवा उचलला तेव्हा कोरा होता, एक मुंगी सोडली तर.