सिगारेट, पडवी आणि पुढची बैठक

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदव्युत्तर) वर्गाला समुदाय संघटन शिकवताना चिकानो चळवळ, म्हणजे अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांची हक्कांची चळवळ, घेणार असाल, तर पहिल्याच तासाला तिथल्या शेतमजुरांचा नेता सेझार चावेझचा फोटो दाखवू नका. मी दाखवला होता. सगळ्यांच्या वह्यांत एकच वाक्य आलं: 'त्यांच्या अंगी नेतृत्वगुण होते.' झालं शिकवून!

सुरुवात १९५२ मधल्या एका घरापासून करा. कॅलिफोर्नियात, सॅन होसेच्या मेक्सिकन वस्तीत, फ्रेड रॉस हा गोरा संघटक चावेझकडे बैठकीला येणार होता. असले लोक येतात, प्रश्न विचारतात नि जातात, म्हणून चावेझने दोस्तांना सांगून ठेवलं: मी सिगारेट या हातातून त्या हातात घेतली की याला हुसकायचं. त्याने ती घेतलीच नाही. का, हे मुलांना विचारा आणि गप्प बसा.

मग जोड्या करून त्यांना वाडीत पाठवा. एका घराची पडवी, पाच-सात माणसं, कोरा चहा. फॉर्म न्यायचा नाही. माझी मुलं एकदा बचत गटाची माहिती घेऊन गेली, तर मासे विकणारी मावशी म्हणाली, "कर्ज ऱ्हांदे गो, आधी बंदरावर बायकांना जायला जागा बघ." निघताना एकच प्रश्न विचारायचा: पुढची बैठक कोणाकडे? कुणीच हात वर केला नाही, तर बैठक फुकट गेली.

कॅलिफोर्नियातल्या डेलानोचा द्राक्षमळ्यांतला संप शिकवताना बहुतेकजण तो चावेझपासून सुरू करतात आणि इथेच घसरतात. ८ सप्टेंबर १९६५ला काम थांबवलं ते लॅरी इटलिऑंगच्या फिलिपिनो मजुरांनी. चावेझ आणि डोलोरेस ह्युर्टा यांची संघटना त्यांना मिळाली आठवड्याभराने. मळेवाले एका जमातीचा संप दुसरीच्या हातून मोडायचे, म्हणून हे एकत्र येणं मोठं. आता रत्नागिरीची कलमं डोळ्यांसमोर आणा: बागेत राखणीला नेपाळी, काढणीला गावचे गडी. तुम्ही आधी कोणाच्या खोपीत जाल? यावर तास संपला तरी संपू द्या.

द्राक्षांवरचा बहिष्कार, मळेवाल्यांशी झालेले १९७०चे करार, हे पटकन उरका. त्याऐवजी अलिबागजवळच्या चरीचा शेतकरी संप काढा. १९३३ ते १९३९, खोतांची जमीन कसायचीच नाही, असं ठरवून कुळं उपाशी बसली होती. अलिबागकडच्या मुलांना हे आजीकडून ठाऊक असतं, पण पेपरात लिहायचं असतं असं वाटत नाही.

लुईस वाल्देझचं 'तेआत्रो कॅम्पेसिनो' ट्रकवर उभं राहून, गळ्यात 'मालक', 'संपफोड्या' अशा पाट्या अडकवून नाटुकली करायचं. आमच्याकडे कोकणातलं लोकनाट्य नमन आहेच, त्यातल्या संकासूर या सोंगाला नवी पाटी द्या. यंदा मालक सगळ्यात झकास केला तो एका बागायतदाराच्याच मुलीने.

गुण अहवालाला देऊ नका, दुसऱ्या बैठकीला द्या. एक जोडी तोंड पाडून आली: वाडीने चौथी बैठक परस्पर घेतली होती, यांना कळवलंच नव्हतं. मी पैकीच्या पैकी दिले.