अर्धा इंच म्हणजे एक फूट : गावातल्याच ट्रकचं स्केल मॉडेल घरी कसं बनवायचं

पोट्टे विचारतात का भाऊ, मॉडेल बनवायचं तं किट कोणती मागवू. तमियाच्या गाड्या १:२४ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शात येतात, इटालेरीचे ट्रकही १:२४ मध्ये येतात, अमेरिकन कंपन्यांच्या बऱ्याच किट १:२५ मध्ये असतात, आणि सगळ्या चांगल्याच आहेत, पण त्या डब्यात आपला ट्रक निघत नाही. युरोपातला स्कॅनिया निघते. कापूस भरून जिनिंगसमोर रांगेत उभा राहणारा, वणीच्या बाजूनं कोळसा घेऊन येणारा, वरुडहून संत्र्याचे क्रेट घेऊन निघणारा ट्रक पाहिजे असंल तं तो आपल्यालाच बनवावा लागते. आणि राजेहो, तो बनवणं किट जोडण्यापेक्षा काही बाबतीत सोपं आहे, हे कोणी सांगत नाही म्हणून हे लिहून राहिलो.

सोपं काहून? आपल्याकडं ट्रक कित्येक वर्षं नुसती चेसी (खालचा सांगाडा) आणि काऊल (केबिनच्या पुढचा पत्र्याचा भाग) म्हणूनच विकल्या जायचा. केबिन आणि डाला (मागचा, माल भरायचा भाग) बॉडीवाला बनवायचा, लाकडाची फ्रेम, वरून सपाट पत्रा, सरळ रेघा. म्हणजे आपल्या ट्रकची केबिन मुळातच सपाट तुकडे जोडून झालेली आहे, मंग ती सपाट शीटमधून कापून पुन्हा बनवता येते. गोल गोल कारची बॉडी घरी बनवायची म्हटलं तं घाम फुटते. म्हणून पहिलं मॉडेल चपट्या तोंडाचा, बॉडीवाल्याच्या केबिनचा ट्रकच घ्या. टाटानं १९५४ ला डेमलर-बेंझसोबत जे ट्रक चालू केले, ते नाकवाले, गोल बॉनेटचे, ते दिसायला लय देखणे, पण ते दुसऱ्या तिसऱ्या मॉडेलसाठी ठेवा.

आता माप. १:२४ च घ्या, दुसरं काही नको. कारण १२ इंचाला २४ नं भागलं का अर्धा इंच येते, म्हणजे खऱ्या ट्रकचा एक फूट म्हणजे आपला अर्धा इंच, आणि सुताराच्या भाषेत सांगायचं तं चार सूत. खरे तीन इंच म्हणजे एक सूत. कॅल्क्युलेटर लागतच नाही. डाला १७ फूट लांब, ७ फूट रुंद असंल तं साडेआठ इंच बाय साडेतीन इंच. सहा इंची फळी म्हणजे दोन सूत. बस.

माप घ्यायला खरा ट्रक गाठा. ओळखीच्या मालकाला आधी विचारा, गाडी रिकामी उभी असंल तेव्हा जा, सोबत एक जण टेप धरायला न्या. पुढच्या चाकाच्या मधापासून मागच्या चाकाच्या मधापर्यंतचं अंतर सगळ्यात आधी लिहा, हे चुकलं तं बाकी कितीही चांगलं केलं तरी ट्रक ट्रकसारखा दिसत नाही. मंग जमिनीपासून चेसीची उंची, चेसीपासून केबिनच्या टपापर्यंत, काचेची उंची, दरवाज्याची रुंदी, फाळक्याची (डाल्याच्या उघडणाऱ्या बाजूची) उंची, बंपर जमिनीपासून किती वर. फोटो अगदी समोरून, अगदी बाजूनं आणि मागून काढा, लांब उभं राहून झूम करून, कारण जवळून काढला का मोबाईल पुढचा भाग मोठा दाखवते आणि त्या फोटोवरून कापलेली केबिन वाकडी येते. ट्रकच्या खालचे फोटोही काढा, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), हाऊसिंग (मागच्या एक्सलचं कवच), डिझेल टाकी, स्टेपनी कुठं लटकते. पण गाडी चालू असताना किंवा जॅकवर असताना खाली जायचं नाही, कोणीही म्हणो.

सामान तालुक्याच्या गावातच भेटते. फ्लेक्सच्या दुकानात सनबोर्डचे कापून उरलेले तुकडे पडून असतात, ३ मिमी आणि ५ मिमीचे, मागितले तं देतात. जाड लग्नपत्रिका जमा करून ठेवा, पातळ पत्र्याच्या कामाला लय चांगल्या. आणि चिकटवायला पाइपाचं सोल्युशन, जे ठिबकच्या आणि पाइपाच्या दुकानात भेटते. सनबोर्ड हे पीव्हीसीच असते, त्यामुळं ते सोल्युशन दोन तुकडे वितळवून एकजीव करते, फेविक्विकपेक्षा जोड पक्का. फक्त काडीनं जरासंच लावा आणि दार उघडं ठेवून काम करा, वास डोक्यात चढते. थर्माकोलला ते लावू नका, खाऊन टाकते.

एक गोष्ट कापसाच्या मुलखातल्या माणसानं नीट लक्षात ठेवजा : फेविक्विक सांडलं तर कापसानं पुसायचं नाही. कापसावर ते पडलं का एकदम गरम होते, धूर निघते, चटका बसते. सुती कपड्यानंही नाही. बोट चिकटलं तं कोमट साबणाचं पाणी आणि हळू हळू सोडवणं.

सनबोर्ड कापताना एका दमात दाबू नका, नवीन ब्लेड, स्टीलची पट्टी, आणि हलक्या हातानं चार पाच वेळा त्याच रेघेवरून. केबिनच्या कोपऱ्याला गोलाई पाहिजे असंल तं तुकडा उकळत्या पाण्यात धरून नरम झाला का बाटलीवर वाकवा, थंड होईपर्यंत धरून ठेवा. आणि ३ मिमी म्हणजे आपल्या स्केलमध्ये जवळपास तीन इंच जाडी होते, एवढा जाड पत्रा कोण्याच ट्रकला नसतो, म्हणून खिडकीच्या कडा आतल्या बाजूनं पॉलिश पेपरनं तिरप्या घासा. बाहेरून कड पातळ दिसली का केबिन खरी वाटते. एवढ्या एका कामानं खेळणं आणि मॉडेल यातला फरक पडते, माझं तं हेच मत आहे.

चेसी म्हणजे दोन लांब पट्ट्या आणि मधात आडव्या. पाटे मात्र मन लावून करा. जुन्या फाइलच्या प्लास्टिक कव्हरच्या बारीक पट्ट्या कापा, एकापेक्षा एक आखूड, एकावर एक ठेवून मधात बांधा, मागच्या बाजूला पट्ट्या जास्त. रिकामा ट्रक मागून उचललेला दिसते, भरलेला ट्रक बसलेला असते आणि पाटे जवळपास सरळ झालेले असतात, म्हणून पाटे वाकवायच्या आधीच ठरवून घ्या का माल भरायचा का नाही.

चाकं. १०.००-२० चा ट्रकचा टायर उभा साधारण १०५० मिमी असते, म्हणजे आपल्याला ४४ मिमी, पावणेदोन इंच समजा. जाडी १२ मिमी धरा, आणि १२ मिमीचं एमडीएफ (लाकडी भुशाची दाबलेली फळी) सुताराकडं पडलेलंच असते. त्याचे सहा गोल कापा, पुढं दोन, मागं जोडी जोडीनं चार, स्टेपनीचा सातवा. मधात छिद्र पाडून बोल्टवर कसा, ड्रिल मशीनला लावा आणि फिरवत पॉलिश पेपर धरा, कडा टायरसारख्या गोल होतात, हॅक्सॉ ब्लेडच्या टोकानं खाचा पाडता येतात. तोंडाला कपडा बांधा, एमडीएफची धूळ छातीत जाऊ देऊ नका. तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी बनवणारा सुतार ओळखीचा असंल तं त्यालाच सांगा, चाकं करणं त्याच्या हातचं काम आहे, लेथवर पाच मिनिटांत देते. रिमला लाइट फिटिंगचा २० मिमीचा पाइप, त्याच्या चकत्या. फवारणीच्या बाटल्यांची झाकणं कधीच वापरू नका, कितीही धुतली तरी, लहान पोरं घरात असतात.

डाला सगळ्यात मजेचा. आइस्क्रीमच्या काड्या किंवा पातळ प्लायच्या दोन सूत रुंद पट्ट्या, एकेक फळी वेगळी लावा, मधात बारीक फट सुटू द्या. उभे पट्टे पत्रिकेच्या कागदाचे. फाळक्याच्या साखळीसाठी बाजारातली तुटकी नकली चेन चालते.

आता रंग, इथं आपल्या हवेचा खेळ आहे. मे महिन्यात ४५ च्या वर पारा असताना दुपारी स्प्रे मारला का रंग हवेतच वाळते आणि केबिनवर रवाळ खरबरीत बसते. जुलै ऑगस्टमध्ये दमट हवेत चमकदार रंगावर पांढरट झाक येते. कूलर लावलेल्या खोलीतही तेच होते, हे बरेच जण विसरतात, कूलर म्हणजे पावसाळाच घरात आणलेला. उन्हाळ्यात पहाटे करा, नाहीतर दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सगळ्यात बेस. स्प्रेचा डबा उन्हात, बंद गाडीत किंवा टिनाखाली ठेवू नका, त्याच्यावर लिहिलेलंच असते का ५० डिग्रीच्या वर फुटू शकते.

रंगाआधी जोडांवर लांबी (पुट्टी) भरा, पातळ पातळ थर, एक वाळल्यावर दुसरा, मंग ४०० आणि ८०० नंबरचा पॉलिश पेपर पाणी लावून. एमडीएफ आणि काड्यांना मात्र पाणी लावू नका, फुगतात, तिथं कोरडंच घासा. प्रायमरचा एक हात मारला का सगळे खड्डे दिसतात, पुन्हा भरा, पुन्हा घासा. कंटाळा इथंच येते, पण इथं घाई केली तं वरचा महाग रंगही झाकत नाही. हार्डवेअरच्या दुकानातला छोटा इनॅमलचा डबा ब्रशनं पातळ करून दोन तीन हात मारले तरी छान बसते. डब्ब्यातलं कडक थिनर थेट सनबोर्डवर घासू नका, नरम पडते.

रंग कोणता? जुना नॅशनल परमिटचा ट्रक करायचा असंल तं नियमातच दिलं होतं : वाळल्या पानासारखा तपकिरी रंग, ३० सेंमी रुंद पांढरी बॉर्डर आणि बाजूला ६० सेंमीच्या गोलात नॅशनल परमिट. आपल्या स्केलमध्ये बॉर्डर साडेबारा मिमी आणि गोल २५ मिमी. मागं हॉर्न ओके प्लीज लिहायचं का नाही हे तुमचा ट्रक कोणत्या सालचा त्यावर, कारण महाराष्ट्रात २०१५ मध्ये त्याच्यावर बंदी आली. नंबर प्लेट ३४० बाय २०० मिमीची, म्हणजे आपल्या स्केलमध्ये १४ बाय ८ मिमी, पिवळ्यावर काळी अक्षरं. एमएच २९ यवतमाळ, ३४ चंद्रपूर, ३२ वर्धा, २७ अमरावती, आपापलं टाका, पण पुढचा नंबर कोणाचा खरा नको.

अक्षरं हातानं जमत नसतील तं डेकल पेपरवर (पाण्यात भिजवून चिकटवायच्या कागदावर) प्रिंट काढा. इंकजेटची प्रिंट पाण्यात फुटते, तिच्यावर आधी क्लिअर (पारदर्शक स्प्रे) मारावा लागते, लेझरची तशी फुटत नाही. प्रिंटर पांढरा छापत नाही, म्हणून तपकिरीवर पांढरी अक्षरं पाहिजे तं पांढऱ्या डेकल पेपरवर मागचा तपकिरी रंगच छापून घ्या. काचा कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या सपाट भागाच्या, आणि त्या पांढऱ्या फेविकॉलनंच चिकटवा, वाळल्यावर पारदर्शक होते. फेविक्विकच्या वाफेनं काच धुकट होते.

मंग धूळ. आपल्या वावरातली काळी माती घ्या, वाळवा, ओढणीच्या कपड्यातून दोनदा गाळा, कारण साधा मातीचा कणही या स्केलमध्ये गोटा दिसते. पातळ फेविकॉलच्या पाण्यात कालवून मडगार्डखाली, चाकाच्या आतल्या बाजूला, पाट्यांवर, थोडी थोडी. थर जाड केला का काळी माती वाळताना भेगाळते आणि पापुद्रे निघतात. कोळशाच्या ट्रकला कोळशाची पूड डाल्यात आणि मागच्या फाळक्यावर. टपावर आणि काचेवर धूळ कमी, वायपर फिरते तेवढी अर्धगोल जागा स्वच्छ.

कापूस भरायचा असंल तं आत थर्माकोलचा ढिगारा आणि वर कापसाचा अगदी पातळ विंचरलेला थर, फेविकॉलनं. खरा ट्रक दोन्ही बाजूनं फुगलेला असते, तो फुगवटा आला पाहिजे. दोरी म्हणजे साधा शिवणाचा जाड धागा, अर्धा मिमीचा, मेणबत्तीवरून ओढून घेतला का तूस बसते.

ठेवायचं काचेच्या कपाटात, कूलरच्या वाऱ्यापासून आणि टिनाच्या भिंतीपासून दूर, कारण तापल्या टिनाजवळ सनबोर्ड वाकते. एमडीएफची चाकं आणि काड्यांचा डाला उधईला (वाळवीला) आवडते, म्हणून खालून, आतून, जिथं दिसत नाही तिथंही रंगाचा एक हात नक्की मारून घ्या, आणि दर पावसाळ्यात ट्रक उचलून खालून एकदा पाहत जा.