कॉन्सर्टसाठी फ्रेंडशिप ब्रेसलेट: मणी, मजकूर आणि न सुटणारी गाठ

मोठ्या पॉप कॉन्सर्टला निघालेल्या मुलामुलींच्या हातात हल्ली मनगटापासून पार कोपरापर्यंत रंगीत मण्यांची ब्रेसलेट्स दिसतात. प्रत्येकावर अक्षरं ओवून काहीतरी लिहिलेलं असतं. ती स्वतः मिरवायला कमी आणि अनोळखी चाहत्याशी अदलाबदल करायला जास्त असतात. ही प्रथा जगभर पसरली ती अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टच्या 'एराज टूर'मुळे. मार्च २०२३मध्ये ॲरिझोनातल्या ग्लेनडेलला सुरू झालेली ही टूर ८ डिसेंबर २०२४ला व्हँकुव्हरमध्ये १४९ व्या कार्यक्रमाने संपली. त्याआधी, २०२२च्या 'मिडनाइट्स' अल्बममधल्या एका गाण्यात फ्रेंडशिप ब्रेसलेट बनवण्याबद्दल एक ओळ आली होती. चाहत्यांनी ती शब्दशः मनावर घेतली. टूर भारतात आली नाही. पण नोव्हेंबर २०२३मध्ये तिचा चित्रपट आपल्याकडे लागला आणि मणी थिएटरात पोचले. मार्च २०२४मध्ये सिंगापूरला सहा कार्यक्रम झाले, तिथेही भारतातून चाहते गेले. आता हा प्रकार फक्त स्विफ्टींचा, म्हणजे टेलरच्या चाहत्यांचा, राहिलेला नाही. कोणत्याही कॉन्सर्टला ब्रेसलेट्स घेऊन जा, दोन-चार अनोळखी लोक नक्की बोलायला येतात.

तिकीट, टी-शर्ट, पोस्टर हे सगळं पैसे टाकून मिळतं. ब्रेसलेट कुणीतरी बसून केलेलं असतं, म्हणून त्याचं मोल वेगळं. ते नीट करायचं तर दोन गोष्टी साधायला हव्यात: वाचता येईल असा मजकूर आणि न सुटणारी गाठ. मणी साधे असले तरी काही बिघडत नाही.

काय आणायचं

वीस ब्रेसलेट्सचा हिशोब धरू. अदलाबदलीसाठी तेवढी पुरतात, आणि एका सुट्टीच्या दिवशी होऊनही जातात.

इलॅस्टिक दोरा ०.८ मिलिमीटर जाडीचा घ्या. ०.६चा लवकर तुटतो आणि १ मिलिमीटरचा बऱ्याच बारीक मण्यांतून जात नाही. एका ब्रेसलेटला ३० सेंटिमीटर लागतो, म्हणजे विसांना ६ मीटर. वाया जाणारा धरून १० मीटरचं रीळ घ्यावं. दोऱ्याचे दोन प्रकार मिळतात. पारदर्शक एकसंध दोरा टोकाला कडक असतो, त्यामुळे सुईशिवाय ओवता येतो, पण त्याची गाठ निसटते. अनेक बारीक तंतूंच्या दोऱ्याची गाठ घट्ट बसते, पण टोक उसवतं आणि सुई लागते. पहिल्यांदाच करत असाल तर पारदर्शक घ्या. गाठीचा उपाय पुढे आहे.

मधल्या मण्यांसाठी दुकानात 'सहा नंबरचे', म्हणजे साधारण ४ मिलिमीटरचे काचेचे मणी मागा. ओवल्यावर एक मणी दोऱ्यावर अंदाजे ३ मिलिमीटर जागा घेतो. वीस ब्रेसलेट्सना १०० ग्रॅम पुरून उरतात. काळा रंग हवा म्हणून घरातले मंगळसूत्राचे काळे मणी काढून बसू नका. त्यांचं भोक इतकं बारीक असतं की ०.८चा दोरा आत शिरतच नाही.

अक्षरांचे मणी म्हणजे ७ मिलिमीटर व्यासाच्या चपट्या पांढऱ्या टिकल्या, त्यावर रोमन अक्षर. चौकोनीही मिळतात, पण घेताना भोक कुठून कुठे जातं ते बघा. भोक वरून खाली असेल तर ओवल्यावर शब्द आडवा वाचता येत नाही. अक्षर नुसतं छापलेलं आहे की कोरून रंग भरलेला आहे तेही तपासा. ओल्या अंगठ्याने घासलं की कळतं. छापलेलं अक्षर घाम आणि सॅनिटायझरने कॉन्सर्ट संपायच्या आत पुसट होतं.

आता सगळ्यात जास्त फसगत होते ती जागा. ५०० अक्षरांच्या मिश्र पाकिटात २६ अक्षरं साधारण सारखी असतात, म्हणजे प्रत्येकी १९च्या आसपास. आपले शब्द रोमनमध्ये लिहिताना 'ए' हे अक्षर भराभर संपतं. नुसत्या 'नाद खुळा'ला तीन 'ए' लागतात, 'लई भारी'ला दोन 'ए' आणि दोन 'आय'. पाचव्या-सहाव्या ब्रेसलेटलाच पाकीट कोरडं पडतं आणि क्यू, एक्स, झेड तेवढे उरतात. म्हणून मिश्र पाकिटाबरोबर 'ए'चे १०० आणि 'ई' व 'आय'चे पन्नास-पन्नास मणी सुटे घ्या. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर आणि पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत हे सगळं एका फेरीत मिळतं. ऑनलाइन मागवलंत तर मिलिमीटरमधलं माप वाचल्याशिवाय ऑर्डर करू नका, फोटोत सगळेच मणी सारखे दिसतात.

काय लिहायचं

हातावर एका वेळी नऊ-दहा अक्षरंच समोर दिसतात, बाकीची मनगटाच्या खाली जातात. म्हणून आठ ते बारा अक्षरांचा मजकूर उत्तम, आणि अठराच्या पुढे जाऊच नका. गाण्याची अख्खी ओळ ओवण्यापेक्षा चाहते तिची आद्याक्षरं वापरतात. ओळखणारा लगेच ओळखतो आणि तिथूनच गप्पा सुरू होतात. समोरच्याला दोन सेकंदांत कळेल आणि हसू येईल, असा मजकूर निवडा.

स्विफ्टच्या चाहत्यांत रंगालाही अर्थ आहे, प्रत्येक अल्बमचा एक रंग. 'फिअरलेस' सोनेरी, 'स्पीक नाऊ' जांभळा, 'रेड' लाल, '१९८९' फिकट निळा, 'रेप्युटेशन' काळा, 'लव्हर' गुलाबी, 'फोकलोर' राखाडी, 'मिडनाइट्स' गडद निळा. २०२५चा 'द लाइफ ऑफ अ शोगर्ल' नारिंगी. रंग बरोबर असला की मजकूर वाचायच्या आधीच कुठला अल्बम ते कळतं. १३ हा तिचा आवडता आकडा, जन्मही १३ डिसेंबरचा, त्यामुळे आकड्यांच्या मण्यांत १ आणि ३ जादा घ्या. बीटीएस या कोरियन बँडच्या चाहत्यांसाठी मात्र जांभळा म्हणजे बीटीएसच, तिथे दुसरा अर्थ कुणी काढणार नाही.

आपल्या गावची कॉन्सर्ट असेल तर स्थानिक मजकूर सगळ्यात भारी चालतो. ३० नोव्हेंबर २०२४ला गायिका दुआ लिपा मुंबईत बीकेसीच्या मैदानावर आली, तेव्हा तिच्या 'लेविटेटिंग' गाण्याला 'वो लडकी जो' हे हिंदी गाणं जोडलेला, चाहत्यांमध्ये आधीच गाजलेला मॅशअप थेट स्टेजवर वाजला. गर्दी वेडी झाली. 'वो लडकी जो' रोमनमध्ये दहा अक्षरांत बसतं, म्हणजे ब्रेसलेटसाठी अगदी मापात. परदेशातल्या कॉन्सर्टला जाणाऱ्यांनी दोन-तीन ब्रेसलेट्स मराठीत जरूर करावीत. 'पुणेकर स्विफ्टी' असं लिहिलेलं बघून गर्दीतून कुणीतरी "अगं, तू पण?" म्हणत येतंच.

काही गोष्टी लिहू नका. कलाकाराच्या जुन्या प्रेमप्रकरणांवर टोमणे नकोत, समोरचा त्याच बाजूचा चाहता निघाला तर अदलाबदल तिथेच संपते. आणि स्वतःचा फोन नंबर तर मुळीच नको. तो प्रयोग अमेरिकन फुटबॉलपटू ट्रॅव्हिस केल्सीने करून झालाय. कॅन्सस सिटीमधल्या टेलरच्या शोला तो आपला नंबर घातलेलं ब्रेसलेट घेऊन गेला, ते टेलरला देता आलं नाही म्हणून पॉडकास्टवर हळहळला, आणि ऑगस्ट २०२५मध्ये दोघांनी साखरपुडा जाहीर केला. गोष्ट गोड आहे, पण तुमचं ब्रेसलेट एका संध्याकाळी चार हातांतून फिरणार असतं.

माप आणि ओवणं

कुणाला देणार ते माहीत नसेल तर १७ सेंटिमीटर हे मधलं माप धरा. चार-पाच १९चीही ठेवा, मुलगे आणि थोराड मनगटाच्या मुली मागतात. स्वतःसाठी करताना मनगटाचा घेर मोजून त्यात एक ते दीड सेंटिमीटर मिळवा.

'पुणेकर स्विफ्टी'चंच उदाहरण घेऊ. रोमनमध्ये १४ अक्षरं, प्रत्येकी ७ मिलिमीटर, म्हणजे ९८. दोन शब्दांच्या मध्ये दोन छोटे मणी, ६ मिलिमीटर. एकूण १०४. १७० मधून वजा केले तर उरले ६६, म्हणजे २२ मणी: शब्दाच्या अलीकडे ११, पलीकडे ११. हा हिशोब आधी केला नाही तर शब्द एका बाजूला सरकतो.

जुन्या टॉवेलवर सगळे मणी क्रमाने मांडा, टॉवेलवर ते घरंगळत नाहीत. मांडलेला मजकूर मोठ्याने वाचा, गाळलेलं अक्षर इथेच सापडतं. एम उलटा झाला की डब्ल्यू होतो, आडवा पडलेला एन झेड दिसतो, ६चा ९ होतो. हे ओवायच्या आधी बघायचं, नंतर सगळं उपसावं लागतं.

आता ३० सेंटिमीटर दोरा कापा आणि दोन्ही हातांत धरून सात-आठ वेळा सावकाश ताणा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. न ताणलेला दोरा घातल्यावर सैल होतो आणि मण्यांमध्ये फटी दिसू लागतात. एका टोकाला कागदाची काळी क्लिप लावा, नाहीतर शेवटच्या अक्षराला सगळी माळ जमिनीवर. मग ओवा. सुरुवातीचा पहिला मणी मोठ्या भोकाचा घ्या, गाठ त्याच्यात लपवायची आहे.

गाठ

तुटलेली बहुतेक ब्रेसलेट्स खरं तर तुटलेली नसतात, त्यांची गाठ सुटलेली असते. साधी निरगाठ पारदर्शक दोऱ्यावर टिकत नाही. डावं टोक उजव्यावर घेऊन खालून एकदा काढतो, तसंच लगेच दुसऱ्यांदाही काढा आणि ओढा. आता उजवं टोक डाव्यावर घेऊन पुन्हा दोनदा. दिशा बदलली नाही तर गाठ आडवी फिरते आणि सुटते. ओढताना मण्यांमध्ये जराही फट राहू देऊ नका, पण दोरा ताणलेल्या अवस्थेत गाठही मारू नका, माळ वाकडी बसते.

चारही टोकं घट्ट ओढल्यावर, म्हणजे दोन्ही बाजूंचा दोरा आणि दोन्ही मोकळी टोकं, गाठीवर दागिन्यांसाठीच्या लवचीक गोंदाचा एक बारीक थेंब सोडा. 'बी-७०००' नावाने मिळतो. फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद इथे चालत नाही. तो वाळून काचेसारखा कडक होतो आणि इलॅस्टिक नेमकं त्याच्या कडेला मोडतं. गोंद ओला असतानाच गाठ मोठ्या भोकाच्या मण्यात ओढून घ्या, टोकं दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापा आणि चोवीस तास हात लावू नका. म्हणूनच कॉन्सर्टच्या आदल्या रात्री बसणाऱ्यांची ब्रेसलेट्स मैदानावर सुटतात. दोन दिवस आधी काम संपवा.

धातूचे दाबून बसवायचे मणी इलॅस्टिकवर वापरू नका, त्यांची धार दोरा कापते. चमकीचे किंवा धातूचे मणी घालायचेच असतील तर भोकाची कड नखाने तपासा, खरखरीत लागली तर तो मणी बाजूला.

मैदानावर

द्यायची ब्रेसलेट्स एका हातात, स्वतःची दुसऱ्या हातात. उरलेली एका मोठ्या कडीत अडकवून बॅगेला लटकवा. गेटवर कात्री आणि गोंद आत सोडत नाहीत, त्यामुळे दुरुस्तीचं सामान घरीच ठेवा.

कोल्डप्लेसारख्या बँडच्या कार्यक्रमात प्रेक्षकांना दिव्यांचे पट्टे देतात. जानेवारी २०२५मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरही दिले होते. तो पट्टा सगळ्यात बाहेर बांधा, मण्यांखाली गेला तर प्रकाश झाकला जातो. आणि निघताना परत द्या. कुठल्या शहराने किती टक्के पट्टे परत केले हे कोल्डप्ले स्क्रीनवर दाखवतं, आपल्या शहराचा आकडा चांगला दिसला पाहिजे.

अदलाबदलीला फार नियम नाहीत. "बदलायचं का?" असं विचारायचं, आणि समोरची नाही म्हणाली तर हसून पुढे जायचं. तुझं साधं, माझं भारी असा हिशोब करू नये. लहान मुलांकडे द्यायला काही नसतं, त्यांना तसंच द्या. दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकांना, पाणी विकणाऱ्यांना एखादं दिलंत तर ते खूष होतात. स्टेजवर मात्र फेकू नका. काचेचे मणी जोरात लागतात, आणि फुटून पसरले तर नाचणाऱ्यांचे पाय घसरतात.

मिळालेली ब्रेसलेट्स खिळ्याला टांगून ठेवू नका, इलॅस्टिक लांबतं. डब्यात आडवी ठेवा, उन्हापासून लांब. वर्षभरात दोरा सैल वाटू लागला की मणी त्याच क्रमाने टॉवेलवर उतरवून नवीन दोऱ्यात ओवून घ्या.