सातवीचं गणित, ३४ पोरं आणि एकच तास

माझ्या सातवीत ३४ पोरं. आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, सहावी ते आठवीला एका शिक्षकामागे ३५ मुलं असं लिहिलंय, म्हणजे कागदावर आमचं सगळं नियमात आहे. आता यातल्या पाच-सहा जणांना हातच्याची वजाबाकी अजून अडते, दोघंतिघं मी फळ्यावर गणित पूर्ण लिहायच्या आत उत्तर सांगून मोकळे होतात, आणि बाकीचे मधेच कुठंतरी, आज येतं उद्या येत नाही असे. पुस्तक सगळ्यांना एकच. बऱ्याच जणी विचारतात की तू कसं करतेस, म्हणून अपूर्णांकाचा धडा धरून सांगते.

आधी काय करू नका ते. पहिल्या वर्षी मी तीन गट केले, गुलाब, मोगरा आणि झेंडू. वाटलं होतं, नावं फुलांची ठेवली की कुणाला कळणार नाही. दोन दिवसांत सगळ्या वर्गाला कळलं, आणि तिसऱ्या दिवशी एक पोरगा मला शांतपणे म्हणाला, "मॅडम, मी झेंडूतला आहे, मला ते येणार नाही." वर त्याची आई शाळेत आली, आमचा झेंडूत का म्हणून. तेव्हापासून कायमचे गट बंद. गट करायचा तो त्या आठवड्यापुरता, त्या एका गोष्टीसाठी, आणि नाव न देता. अपूर्णांकात अडणारी पोरगी भूमितीत सगळ्यांच्या पुढं असते हे मी दरवर्षी बघते.

मग गट ठरवायचे कशावरून? मागच्या परीक्षेच्या मार्कांवरून अजिबात नाही. धडा सुरू करायच्या आदल्या दिवशी अर्ध्या पानाची चिठ्ठी द्यायची, चार गणितं, दहा मिनिटं, मार्क नाहीत. माझी अशी असते: चित्रात ३/४ रंगव, मग २/७ + ३/७, मग १/२ = किती/६, आणि शेवटी १/२ + १/३. घरी चहा पिता पिता बघून होतात. फक्त बरोबर-चूक करत बसू नका, चूक कसली आहे ते बघा, सगळी मजा तिथंच आहे.

समजा शेवटच्या गणिताचं उत्तर कुणी २/५ लिहिलं. त्यानं वरचे वर आणि खालचे खाली मिळवलेत, म्हणजे अपूर्णांक ही एक संख्या आहे हेच त्याच्या डोक्यात बसलेलं नाही, त्याला दोन वेगवेगळे आकडे दिसतायत. दुसऱ्यानं २/६ लिहिलं. हा खूप पुढं आहे हो, याला लसावि सहा काढता आला, छेद बदलला पण अंश बदलायचा राहिला. तिसऱ्यानं सगळी रीत बरोबर केली आणि पाढ्यात चुकला. परीक्षेत तिघांनाही शून्य मार्क पडतात आणि तिघांनाही आपण "पुन्हा पाच वेळा सोडव" म्हणतो, म्हणजे ताप, खोकला आणि पायातला काटा, सगळ्यांना एकच गोळी.

२/५ वाल्याला मी रीत सांगतच नाही. विचारते, अर्धी भाकरी खाल्लीस, वर अजून तिसरा हिस्सा खाल्लास, आता अर्ध्यापेक्षा जास्त झाली की कमी? जास्त, म्हणतो. मग पाच तुकड्यातले दोन म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? इथं तो थांबतो, वहीकडं बघतो, आणि स्वतःच खोडतो. २/६ वाल्याला कागदाची पट्टी द्यायची, मधोमध घडी, अर्धा भाग रंगव, आता घडी तशीच ठेवून तिचे तीन सारखे भाग होतील अशी दुमड. उघडली की सहा भाग, त्यातले तीन रंगलेले. १/२ म्हणजे ३/६ हे त्याला डोळ्यानं दिसतं. पाढ्यावाल्याला फक्त पाढ्यांचा तक्ता द्या शेजारी. ही कॉपी वगैरे काही नाही, आज छेद समान करायला शिकायचंय, सत्ते छप्पन्नपाशी अडून तास घालवायचा नाही. पाढे रोज सकाळी पाच मिनिटं वेगळे घ्या.

आता मुख्य भाग. सगळ्यांना वेगवेगळी गणितं द्यायची नाहीत, एवढी तयारी करायला वेळ कुणाला आहे? गणित एकच द्यायचं आणि आत शिरायच्या वाटा वेगळ्या ठेवायच्या. आमच्याकडं शेती आहे म्हणून माझं गणित रानातलं: एक एकर रान, अर्ध्यात कांदा, १/५ मध्ये लसूण, बाकी पडीक, तर पडीक किती?

एकर म्हणजे ४० गुंठे हे पोरांना माझ्यापेक्षा पक्कं माहीत असतं. ज्यांना अजून अपूर्णांक दिसत नाही त्यांना चौकटीच्या कागदावर ५ ओळी, ८ रकाने, म्हणजे ४० घरं आखून द्यायची, एक घर एक गुंठा, रंगवा आणि मोजा. मधल्यांनी रीतीनं करायचं, १/२ + १/५ = ७/१०, उरले ३/१०, आणि मग त्याचे गुंठे किती ते सांगायचं. दोन्हीकडून उत्तर १२ गुंठेच यायला पाहिजे, त्यामुळं शेवटी सगळे एकाच फळ्यासमोर एकाच गोष्टीवर बोलू शकतात.

यंदा एकाचं १६ आलं. बघितलं तर त्यानं उभे चार रकाने कांद्याचे रंगवले आणि लसणाची पूर्ण एक आडवी ओळ त्यांच्यावरूनच ओढली, चार घरं दोनदा रंगली. म्हटलं, अरे या चार गुंठ्यात कांदा पण आणि लसूण पण? तर म्हणतो, "आंतरपीक आहे मॅडम." आता याला गणित येत नाही कसं म्हणायचं! पण त्याच्यामुळं सगळ्या वर्गाला कळलं की भाग एकमेकांवर न चढता मिळवले तरच बेरीज जमते, मी आयुष्यात हे इतकं नीट सांगितलं नसतं.

पुढच्या पोरांचं काय? त्यांना तीच आणखी दहा गणितं देणं म्हणजे लवकर काम केल्याची शिक्षा. आणि दर वेळी "जा, त्याला शिकव" हे पण नको, ते शाळेत शिकायला आलेत. त्यांना मी तेच रान उलटं देते: तीन पिकं, तिघांचे हिस्से वेगवेगळे, प्रत्येक हिश्श्याचा अंश १ च, प्रत्येक पीक पूर्ण गुंठ्यात, आणि बरोबर ६ गुंठे पडीक राहिले पाहिजेत. १/२, १/४ आणि १/१० सापडतं, २०, १० आणि ४ गुंठे. सापडलं की पोरं उड्या मारतात, तेव्हा हळूच म्हणायचं, आता दुसरं उत्तर शोध, नसेल तर का नाही ते पटवून दे. दुसरं नाहीच. पण ते पटवायला ४० चे सगळे विभाजक काढून, २० गुंठे न घेता ३४ होतच नाहीत इथपर्यंत यावं लागतं, दोन तास कुठं गेले कळत नाही.

तासाचं म्हणाल तर ४० मिनिटांत पहिली आठ-दहा सगळ्यांसोबत, मग वीस मिनिटं आपापलं काम, शेवटची दहा परत फळ्याशी. त्या वीस मिनिटांत मी एकाच गटात बसते, सगळीकडं फिरत राहिलं तर कुणाचंच होत नाही. फळ्याशी आधी चित्रवाल्यांना बोलवायचं, रीतवाल्यांना नंतर. उलटं केलं की चित्रवाले कागद दप्तरात लपवतात.

शाब्दिक गणितात आधी एकदा मोठ्यानं वाचून घ्या. घरी अहिराणी नाहीतर पावरी बोलणारं पोर कधी कधी "उरलेल्यापैकी" या शब्दालाच अडतं, गणिताला नाही. त्याच्या बोलीत सांगू दे, मग मराठीत लिहू दे.

वह्या तपासायला कुणी आलं आणि सगळ्यांच्या वह्या सारख्या का नाहीत विचारलं, तर तारीख आणि घटक सगळ्यांचा एकच असतो तो दाखवा, आणि ती सुरुवातीची चिठ्ठी वहीतच चिकटवून ठेवा. सुरुवात मात्र एकाच धड्यापासून करा, सगळं पुस्तक एकदम असं करायला गेलात तर पंधरा दिवसांत सोडून द्याल. आणि चौकटीचा कागद नसेल तर दुसरी-तिसरीच्या जुन्या अंकगणिताच्या वह्यांची कोरी पानं चालतात, मी तीच वापरते.