जॉर्जियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटची निवडणूक : नोव्हेंबरची तयारी आणि डिसेंबरची त्याहून अधिक

अटलांटा, अल्फारेटा, जॉन्स क्रीक, कमिंग या भागांत राहणाऱ्या आणि अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मराठी मंडळींसाठी ही यादी आहे. मंगळवार, 3 नोव्हेंबर 2026 रोजी जॉर्जियात गव्हर्नर आणि सिनेटर यांच्याबरोबर सेक्रेटरी ऑफ स्टेट हे पदही मतदानाने भरले जाईल. तयारीतले पहिले काम म्हणजे कॅलेंडरवर एक नव्हे, दोन तारखा लिहिणे : 3 नोव्हेंबर आणि 1 डिसेंबर. दुसरी तारीख कशासाठी हे पुढे येईलच, पण ती आताच लिहून टाकावी, कारण मागच्या वेळी आमच्या घरात नेमकी तीच राहून गेली होती.

हे पद कशासाठी आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते आणि त्यात नवल नाही. महाराष्ट्रात राज्य निवडणूक आयुक्तांची नेमणूक राज्यपाल करतात. निवडणुका घेणाऱ्या अधिकाऱ्यालाच आपण मत देऊन निवडायचे असते, ही सवय आपल्याला नाही. जॉर्जियात मात्र राज्याची मतदारयादी सांभाळणे, काउंट्यांकडून आलेले निकाल एकत्र करून ते प्रमाणित करणे आणि मतदानाच्या यंत्रणेवर देखरेख ठेवणे हे सेक्रेटरी ऑफ स्टेटचे काम आहे. कंपन्यांची नोंदणी आणि परिचारिकांचे परवानेही याच कार्यालयाच्या कक्षेत येतात. 2020 च्या अध्यक्षीय निवडणुकीत जॉर्जियात जो बायडेन यांना 11,779 मतांची आघाडी मिळाली होती. 2 जानेवारी 2021 रोजी तत्कालीन अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सेक्रेटरी ऑफ स्टेट ब्रॅड राफेन्स्पर्गर यांना फोन करून आपल्याला 11,780 मते शोधून हवी आहेत, असे सांगितले. राफेन्स्पर्गर त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे होते, तरीही त्यांनी निकाल बदलण्यास नकार दिला. त्या खुर्चीवर कोण बसते याला किती महत्त्व आहे, हे सांगायला याहून दुसरा दाखला लागू नये.

आता हीच व्यक्ती निवडून कशी आली ते पाहा, म्हणजे 1 डिसेंबरचा हट्ट समजेल. जॉर्जियात निम्म्याहून अधिक मते मिळाल्याशिवाय कोणी विजयी ठरत नाही. तशी मते कोणालाच मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान होते, त्याला रनऑफ म्हणतात. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये राफेन्स्पर्गर आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन बॅरो यांच्यात सुमारे 16 हजार मतांचे अंतर होते, लिबर्टेरियन पक्षाच्या उमेदवाराला दोन टक्क्यांच्या आसपास मते गेली आणि कोणालाच निम्मी मते मिळाली नाहीत. नोव्हेंबरमध्ये या पदासाठी 38 लाखांहून अधिक लोकांनी मत दिले होते. 4 डिसेंबरच्या रनऑफला हा आकडा 15 लाखांच्या आत आला. दोन वर्षांनी ज्याच्या सहीवर साऱ्या देशाचे लक्ष लागणार होते, त्या माणसाची निवड नोव्हेंबरमध्ये मत दिलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक घरी बसलेले असताना झाली. म्हणून पुन्हा सांगतो, 1 डिसेंबर.

नोंदणीचे काम आधी उरका. शेवटचा दिवस 5 ऑक्टोबर आहे आणि तो पुढे जात नाही. राज्याच्या संकेतस्थळावरील ‘माय व्होटर पेज’वर नाव, जन्मतारीख आणि पत्ता तपासावा, घर बदलले असेल तर पत्ताही लगेच बदलून घ्यावा. अलीकडे नागरिकत्व मिळालेल्यांनी येथे विशेष काळजी घ्यावी. ड्रायव्हिंग लायसन्स व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असताना काढलेले असेल, तर वाहन परवाना खात्याच्या नोंदीत तुम्ही अजून परदेशी असता आणि मतदार म्हणून केलेला अर्ज नागरिकत्वाच्या पडताळणीसाठी अडकू शकतो. नागरिकत्वाचे प्रमाणपत्र किंवा अमेरिकन पासपोर्ट घेऊन लायसन्स नवे करून घ्यावे आणि मतदानाच्या दिवशीही त्यांपैकी एक जवळ ठेवावे. ज्यांच्याकडे अजून ग्रीन कार्डच आहे, त्यांनी लायसन्सच्या खिडकीवर मतदारनोंदणीचा प्रश्न आला तर स्पष्ट नकार द्यावा. नागरिक नसताना नाव नोंदवणे हा गुन्हा आहे आणि त्यापायी या देशातले वास्तव्य धोक्यात येते. ‘फॉर्म भरताना लक्षात आले नाही’ हे उत्तर तेव्हा पुरत नाही.

ओळखपत्राबद्दल फार सांगायला नको. जॉर्जियाचे लायसन्स मुदत संपलेले असले तरी चालते. भारत सरकार परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांना देते ते ओसीआय कार्ड चालत नाही.

मतपत्रिका लांब असते. वर गव्हर्नर आणि सिनेटर, त्यांच्या खाली इतर राज्यपदे, त्यांतच सेक्रेटरी ऑफ स्टेट. वरच्या दोन नावांवर खूण करून खालचे कोरे सोडणारे शिकलेले, वाचणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ‘त्या नावांची माहितीच नव्हती’ एवढेच त्यांचे कारण असते. ही माहिती घरी बसून मिळवता येते. ‘माय व्होटर पेज’वर तुमच्या पत्त्याची नमुना मतपत्रिका मिळते, ती छापून प्रत्येक पदासमोर आपले नाव ठरवून ठेवावे. मतदान करताना फोन वापरता येत नाही, कागद नेता येतो. उमेदवार निवडताना दोनच गोष्टी पाहा, असे मी सुचवीन : आपल्या पक्षाचा पराभव झाला तरी निकालावर सही करीन, हे तो उघडपणे म्हणतो का, आणि मतदारयादीतून नावे वगळण्याविषयी त्याची भूमिका काय आहे. राफेन्स्पर्गर यंदा या पदासाठी उभे नाहीत, त्यामुळे नवी व्यक्ती येणार हे नक्की आहे आणि ओळखीच्या नावावर विसंबून चालणार नाही.

आगाऊ मतदान ऑक्टोबरच्या मध्यापासून सुरू होते. त्या काळात काउंटीतल्या कोणत्याही आगाऊ मतदान केंद्रावर जाता येते. 3 नोव्हेंबरला मात्र नेमून दिलेल्याच केंद्रावर, सकाळी 7 ते संध्याकाळी 7. दिवाळी 8 नोव्हेंबरला आहे, तेव्हा फराळाच्या गडबडीआधीच हे काम हातावेगळे करावे.

येथवर बहुतेक जण पोहोचतात. मतदान करून आल्याचे स्टिकर लावतात, फोटो काढतात आणि काम संपले असे समजतात. ते संपलेले नसते. कायद्याने रनऑफ निवडणुकीनंतर 28 दिवसांनी होतो, म्हणून 1 डिसेंबर. आणि त्याच्या आधीच्या गुरुवारी, 26 नोव्हेंबरला थँक्सगिव्हिंग आहे. रनऑफचे आगाऊ मतदान फार तर सोमवार, 23 नोव्हेंबरपर्यंत सुरू व्हावेच लागते, पण त्याच आठवड्यात सुट्ट्या येत असल्याने हाती मोजकेच दिवस राहतात. काउंटीच्या पानावर नेमके दिवस आणि वेळा पाहून ठेवा. आता मुंबई-पुण्याच्या तिकिटांचे. मुलांच्या सुट्ट्या आणि घरची लग्ने पाहून आपण नोव्हेंबरच्या अखेरीची तिकिटे उन्हाळ्यातच काढून बसतो, आणि विमानात बसेपर्यंत रनऑफ कोणाच्या मनातही नसतो. तिकीट काढताना 1 डिसेंबर कॅलेंडरवर दिसला पाहिजे. शक्य असेल तर प्रयाण दोन दिवस पुढे ढकलावे. शक्य नसेल तर 23 तारखेच्या आठवड्यात, सामान बांधायच्या आधी, मत देऊन यावे.

टपाली मतपत्रिकेवर भिस्त ठेवणाऱ्यांना आणखी एक सूचना. नोव्हेंबरसाठी केलेला अर्ज बहुतेकांच्या बाबतीत डिसेंबरला लागू होत नाही, रनऑफसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. 65 वर्षांवरील आणि अपंग मतदारांनी पहिल्याच अर्जात तशी मागणी केली असेल तरच मतपत्रिका आपोआप येते. घरात आजी-आजोबा नागरिक असतील, तर त्यांच्या अर्जावर तो चौकोन भरला आहे ना, हे तुम्हीच पाहा. आणि नोव्हेंबरमध्ये मत राहून गेले, म्हणून डिसेंबरमध्ये देता येणार नाही असे समजू नका. मुदतीत नोंदणी झालेली असेल तर देता येते.

उरलेले थोडक्यात. टपाली पाकिटावर सही आणि लायसन्सचा क्रमांक विसरू नये. ते मतदानाच्या दिवशी संध्याकाळी 7 पर्यंत पोहोचले पाहिजे, नुसते टाकलेले असून भागत नाही. मत स्वीकारले गेले का ते ‘माय व्होटर पेज’वर पाहावे, सहीवरून नाकारले असेल तर दुरुस्तीला तीन दिवस असतात. 3 नोव्हेंबरच्या रात्री गव्हर्नरचा निकाल लागला तरी टीव्ही लगेच बंद करू नका, सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ओळीत कोणाला 50 टक्क्यांहून अधिक मते मिळाली आहेत का ते बघा. नसतील, तर दुसऱ्याच दिवशी रनऑफचा टपाली अर्ज भरा किंवा आगाऊ मतदानाचा दिवस ठरवा, आणि शेजारच्या मराठी घरी फोन करून 1 डिसेंबरची आठवण करून द्या.