कर्जाची केस आपसात मिटली? मग या चुका टाळा

कापूस विकून चार पैसे हातात आले की आमच्याकडे तडजोडी सुरू होतात. कृषी केंद्राची उधारी असो की ट्रॅक्टरचे थकलेले हप्ते, दावा कोर्टात पडलेला असतो, तारखा चालू असतात. गावातलं कोणी मधे पडतं, आकडा ठरतो, पैसे दिले जातात. मग शेजारी सांगतो, "आता कायले जातं तारखेवर?" घोळ इथून सुरू होतो.

तारीख सोडणं. समोरचा "केस काढून घेतो" म्हणाला तरी ती निघेपर्यंत चालूच असते. तुम्ही गैरहजर राहिलात तर एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे तुमचं म्हणणं न ऐकता कोर्टाचा निकाल, होऊ शकतो. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केली म्हणजे कोर्टाचा आदेश झाला असंही नाही. तडजोड लेखी करा, दोघांच्या सह्या घेऊन त्याच दाव्यात दाखल करा. जमलं तर लोक अदालतीत मिटवा. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं आणि दावा करणाऱ्याला भरलेली कोर्ट फी परत मिळते. समोरचा आढेवेढे घेत असेल तर फीची गोष्ट आधी सांगा.

हुकूमनाम्यानंतर पैसे देऊन गप्प बसणं. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. हुकूमनामा झाल्यावर बाहेर दिलेले पैसे कोर्टात नोंदवले गेले नाहीत, तर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीचा अर्ज, चालवणारं कोर्ट ते विचारातच घेत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २१, नियम २ तसं सांगतो. नोंद करायची ती पैसे घेणाऱ्यानं. त्यानं टाळलं तर अर्ज तुम्ही करायचा, तोही पैसे दिल्यापासून ३० दिवसांत. चारचौघांसमोर नोटा मोजल्या एवढ्यानं भागत नाही. लेखी पुरावा लागतो, नाहीतर घेणाऱ्यानं स्वतः कबूल करावं लागतं. म्हणून पैसे बँकेतूनच द्या. पैशाच्या हुकूमनाम्याची दरखास्त १२ वर्षांपर्यंत लावता येते. तेवढ्यात दुकान बापाकडून पोराकडे जातं, आणि पोराला तुमचा तोंडी व्यवहार माहीत नसतो. बेलिफ जप्तीचं वॉरंट घेऊन दारात येतो.

पावतीवर नुसतं "रक्कम मिळाली" नको. दाव्याचा नंबर टाकून "पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली, कर्जदार व जामीनदार यांच्याकडे काहीही येणे बाकी नाही" असं लिहून घ्या. जामीनदाराचं नाव राहिलं तर उद्या भांडण सोयऱ्यांत लागतं.

सही करून दिलेले कोरे चेक विसरणं. बियाणं-खत उधार घेताना दिलेले हे चेक नंबरासह तडजोडीत लिहा आणि परत घ्या. "सापडत नाही" म्हणाला तर तसं लिहून घ्या आणि बँकेला चेक थांबवण्याचं पत्र द्या. चेक बाऊन्सची कलम १३८ ची केस वेगळी चालू असेल तर दिवाणी दावा मिटला म्हणून ती मिटत नाही. तिथं वेगळा अर्ज लागतो.

सातबारा न पाहणं. कर्ज फिटलं तरी सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यातला बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, आपोआप उतरत नाही. बँकेचं बेबाकी (काही येणे बाकी नाही असं) पत्र घ्या, ई-हक्क या सरकारी वेबसाइटवर किंवा तलाठ्याकडे बोजा कमी करायचा अर्ज द्या, आणि फेरफार मंजूर झाल्यावर १५ रुपयांचा डिजिटल सातबारा काढून स्वतः वाचा. नाहीतर पुढच्या पीककर्जाच्या वेळी अडवणूक ठरलेली. बँकेचं घरकर्ज असेल तर ते फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत मिळायला हवेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. १ डिसेंबर २०२३ पासूनचा हा रिझर्व्ह बँकेचा नियम पतसंस्थांना लागू नाही.

सिबिल, म्हणजे तुमच्या कर्जफेडीची नोंद. सूट घेऊन मिटवलेल्या खात्यावर "सेटल्ड" असा शेरा येतो आणि पुढच्या कर्जाला तो नडतो. शेरा काय लागणार, हे पैसे देण्याआधी विचारा. वर्षातून एकदा अहवाल फुकट मिळतो, तो काढून पाहा. चुकीची नोंद असेल तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढं दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.

पतसंस्थेचं प्रकरण जरा वेगळं. तिची वसुली बहुतेक वेळा दिवाणी कोर्टात नसून सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या वसुली दाखल्यावर चालते. तिथं मॅनेजरनं "झालं भाऊ" म्हणणं पुरेसं नाही. तडजोडीचं पत्र वसुली अधिकाऱ्याच्या फाइलला लावा, त्याची पोच घ्या, आणि जप्तीची नोंद सातबाऱ्यावर चढली असेल तर ती उठवल्याचं तहसीलला लेखी कळवायला लावा.